मधे बोललात तर फाऊल

मी शिट्टी बोलतेय. म्हणजे बोलतेय असं आपलं म्हणायचं. खरं तर मी वाजते, आणि मी वाजले की बाकीचे बोलायचे थांबतात. आमच्या कुळाचं काम एवढंच. पण आज जरा माझंही ऐकून घ्या. मधे कुणी शिट्टी वाजवणार नाही, कारण घरात ती एकच आहे आणि ती मी आहे.

मी पितळेची. वर निकेलचा चकचकीत मुलामा होता, तो आता फक्त कडीपाशी उरलाय. माझ्या पोटात बुचाची बारीक गोळी आहे. फुंकर आत आली की ती गरगर फिरते आणि त्यातून माझा आवाज निघतो. जरासा थरथरता, पण लांबवर जाणारा. ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. प्रत्येक शिट्टी एकदा फुंकून बघायची, हे त्यांचं काम. दिवसभर फुंकून त्या घरी गेल्या की म्हणे कुणाशी अवाक्षर बोलायच्या नाहीत. त्यांनी मला फुंकलं, मान हलवली आणि 'चालेल'च्या खोक्यात टाकलं. 'छान'चा खोका तिथे नव्हताच. पुढे मला जे मालक मिळाले, त्यांच्याकडेही तो नव्हता.

मालक शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून जायचे. लोक त्यांना नावाने ओळखतच नसत, 'पंच' म्हणायचे. उंची बेताची, अंगाने काडी, पण मैदानावर उभे राहिले की शिस्तीत. एकदा एका दांडगट बचावपटूने त्यांना छातीने मागे रेटलं. प्रेक्षक आरडाओरडा करत होते. पंचांनी मला फुंकलं, कार्ड वर धरलं आणि त्याला बाहेरची वाट दाखवली. केवढा धीराचा माणूस, असं सगळे म्हणाले. त्यांचे दात माझ्या पितळेवर कडकड वाजत होते, हे फक्त मला माहीत.

त्यांचा एक नियम होता. नव्या पंचांना ते सांगायचे, "आपण कुणाची बाजू घ्यायची नाही. खेळ थांबवायचा आणि चेंडू ज्याचा त्याला द्यायचा. पुढे तो कसा मारायचा, ते ज्याचं त्याने बघावं."

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पंच मैदानातून निवृत्त झाले आणि मी त्यांच्या कपाटाच्या खणात गेले. खणात रबरबँड, संपलेले सेल आणि एक किल्ली, जिचं कुलूप कुणालाच आठवत नव्हतं. आम्ही सगळे एकमेकांना सांभाळून होतो, पण तिथे फुंकर घालणारं कुणी नव्हतं.

खणात पडल्या पडल्या मला घर ऐकू यायचं. न ऐकून जाते कुठे? पंचांचा मुलगा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. घरी येऊन तो पाणीसुद्धा पुकारूनच मागायचा. सून बालवाडीची शिक्षिका. एकच गोष्ट चढत्या आवाजात पुन्हा पुन्हा सांगायची तिला सवय. आणि पंचांची मुलगी, लग्न न केलेली, बसस्थानकाच्या तिकीटखिडकीत बसायची. आयुष्यभर काचेआडून बोलल्यामुळे समोरचा माणूस काचेपलीकडेच आहे, अशी तिची समजूत होऊन बसलेली. हे तिघं जेवायला बसले की वाढलेलं गार व्हायचं पण बोलणं गार व्हायचं नाही. भांडण नव्हे हं. प्रेमाची माणसं होती. फक्त कुणी कुणाचं ऐकायला रिकामं नव्हतं.

अशा घरात एक मुलगी जन्माला आली आणि ती गप्प निघाली. अगदीच मुकी नव्हे. पण आवाज एवढासा. आत्याने तिचं नाव 'पुटपुट' ठेवलं आणि ते चिकटलं. काही सांगायचं असलं की पुटपुट "मला ना…" अशी सुरुवात करायची. त्या 'ना'पाशी ती श्वास घ्यायची, आणि तेवढ्या फटीतून दुसरं कुणीतरी आत शिरायचं.

"मला ना…"

"अगं, ते पाणी इकडे सरकव जरा."

"मला ना…"

"बोल बोल, ऐकतेय मी," आई म्हणायची आणि नवऱ्याकडे तोंड करून स्वतःचं पुढे चालू करायची.

एके दिवशी सकाळी शाळेत जायला निघालेल्या पुटपुटची चाल आजोबांना, म्हणजे आमच्या पंचांना, खटकली. लंगडणारा खेळाडू त्यांना लांबून कळायचा. त्यांनी तिला पायरीवर बसवलं, बूट काढला आणि आत बोट घातलं. टाचेखाली तळव्यातून एक खिळा वर आला होता. मोजा रक्ताने कडक झालेला.

"काल का नाही सांगितलंस?"

"सांगत होते," पुटपुट म्हणाली.

आजोबांनी आडकित्त्यासारखी दिसणारी जुनी पक्कड आणून खिळा उपटला, बूट परत घातला, लेस बांधली. पोटाशी धरणं, गोंजारणं, त्यांना यायचं नाही. पण पोर वळणावरून दिसेनाशी झाल्यावर ते आत आले आणि खण उघडला. कितीतरी वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या गळ्यात होते. सगळे जेवायला बसले. पुटपुट म्हणाली, "मला ना…" आणि तिच्या बाबांनी बाजारातल्या कुणाचा तरी किस्सा काढला. आजोबांनी मला ओठांत धरलं.

बंद स्वयंपाकघरात मी काय वाजले म्हणता. बाबांच्या हातातलं पाणी त्यांच्याच मांडीवर सांडलं. आत्या उठून उभी राहिली. आईने झेप घेऊन गॅस बंद केला, कारण तिला वाटलं कुकर.

"अप्पा, हे काय?" बाबांनी विचारलं.

"फाऊल," आजोबा म्हणाले. "मधे बोललास. चेंडू तिचा आहे."

सगळ्यांनी पुटपुटकडे बघितलं. एवढे डोळे एकदम अंगावर आल्यावर तिला काय सुचणार? "काही नाही," ती म्हणाली.

मी पुन्हा वाजले.

"हाही फाऊल. वेळकाढूपणा."

मग ताटाकडे बघत ती म्हणाली, "मला ना, वर्गात खिडकीपाशी बसायचंय. बाई विचारत नाहीत, आणि मला सांगता येत नाही."

एवढंच. यासाठी एवढा गोंधळ कशाला, असं आत्या म्हणणार होती, पण माझ्याकडे बघून तिने घास घेतला. पुटपुट त्या दिवशी पोटभर जेवली.

तेव्हापासून रोज सकाळी आजोबा तिचे बूट तपासायला लागले. सामन्याआधी खेळाडूंचे तपासायचे तसे. आत हात घालून, तळवा वाकवून, लेस ओढून. परीक्षा असो, सहल असो, शेजारच्या मुलीचा वाढदिवस असो. इतर आजोबा डोक्यावर हात ठेवतात. हे बुटात घालायचे. आणि संध्याकाळी मी असायचेच.

घराने मला सहन करायला शिकून घेतलं, पण सहजासहजी नाही. माझ्यात आणि कुकरमध्ये आईची कायम गफलत व्हायची. ती शिट्ट्या मोजून गॅस बंद करणारी. त्यात आत्याने दोनदा मधे तोंड घातलं की माझ्याही शिट्ट्या हिशेबात जायच्या आणि कडधान्य दाताखाली करकर वाजायचं. "घरात एक तर कुकर ठेवा, नाहीतर अप्पांना," असं आई एकदा वैतागून म्हणाली. आजोबांनी त्यावर शिट्टी वाजवली नाही. वाक्य तिचं होतं आणि ती ते पूर्ण करत होती.

मोठी झाल्यावर पुटपुटला माझा राग यायला लागला. मैत्रिणी घरी आलेल्या असताना आजोबांनी मला फुंकलं, तेव्हा तर ती लाल झाली. मैत्रिणी गेल्यावर गच्चीत येऊन म्हणाली, "आजोबा, नुसतं फू फू काय करता? माझी बाजू कळते ना तुम्हाला? मग बोला ना माझ्या वतीने."

"मी बोललो तर ते माझं ऐकतील," आजोबा म्हणाले. "तुझं कोण ऐकणार?"

त्यावर तिने त्यांच्याशी बोलणं सोडलं. पण दोघंही मुळात इतकं कमी बोलायचे, की अबोला आहे हे आजोबांना कळायला बराच काळ गेला. कळल्यावर त्यांनी तिच्या बुटांना पॉलिश केलं. तिने ते पायात घातले आणि अबोला संपला.

पुढे पुटपुट चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली. अंधाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, डोळ्यापुढे भिंगं बदलायची आणि हलक्या आवाजात विचारायचं, हे स्पष्ट दिसतंय की हे? तिथे तिचा आवाज बरोबर बसला. दुकानाच्या मागे भिंगं घासायचं मशीन होतं आणि त्या मशीनवर एक तरुण. मशीनच्या घरघरीत काही ऐकू यायचं नाही, म्हणून त्याला बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायची सवय. पुटपुटला आयुष्यात पहिल्यांदा असं कुणी भेटलं, ज्याला तिचा आवाज बारीक आहे हे माहीतच नव्हतं.

हे सगळं तिने गच्चीत आजोबांना सांगितलं, म्हणून मला ठाऊक. दुकानाची दुसऱ्या गावात शाखा निघत होती आणि त्या तरुणाला तिकडे पाठवणार होते. जायच्या आधी त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. घरच्यांसमोर काय ते सांग, म्हणाला. तू नको म्हणालीस तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

"खरंच काढणार नाही तो," पुटपुट म्हणाली. "तसाच आहे."

म्हणजे बघा. तो दुसऱ्यांदा विचारणाऱ्यांतला नाही, आणि ही पहिल्यांदा सांगणाऱ्यांतली नाही.

"बूट कसे असतात त्याचे?" आजोबांनी विचारलं.

"पॉलिश नसतं. पण लेस नीट बांधलेल्या असतात."

"बोलव मग."

यात एक अडचण होती, ती मी. म्हणजे मी ठणठणीत होते, आजोबा नव्हते. थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला होता, बरेच दिवस अंथरुणात काढले होते. धाप लागेल असं काही करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मला गळ्यात घालायची मुभा होती, फुंकायची नाही. आईला मनातून सुटल्यासारखं झालं आणि तसं वाटलं म्हणून तिने आजोबांना दोन दिवस जास्तच मऊ जेवण दिलं. जेवणाच्या टेबलावर मात्र सगळं पहिल्यासारखं झालं. पुटपुट 'ना'पर्यंत यायची आणि तिथून परत जायची.

तो तरुण सुट्टीच्या दिवशी दुपारी आला, सोबत त्याची आई. ती नर्स होती, उभी हयात रात्रपाळीत गेलेली. झोपलेल्या पेशंटच्या शेजारी बोलावं तशीच ती अजूनही बोलायची. बाबांनी त्या दोघांना बसवलं आणि प्रश्न सुरू केले. शिक्षण काय, नवीन गावात घर कसं, पाण्याचं काय. प्रश्न तेच विचारत होते आणि तरुण तोंड उघडेपर्यंत उत्तरही तेच देत होते. आत्या मधूनच तिकडे जायला कोणती बस सोयीची ते सांगत होती. आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल घेऊन बसले होते, मी शालीच्या आत.

शेवटी तरुण म्हणाला, "बाकी सगळं होईल हो. पण तिला काय वाटतं, ते तिने सांगावं."

बाबा पुटपुटकडे वळले. "बोल बाळा. तू म्हणशील तसं."

आणि त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

पुटपुटने हातातला रुमाल मुठीत धरला. "मला ना…" ती म्हणाली आणि श्वास घेतला.

आता लिलाव पुकारणाऱ्याचा कान कसा असतो ते बघा. पुढच्याने ओठ हलवला की याने बोली धरली. पूर्ण वाक्य ऐकत बसला तर माल जागेवर सुकेल.

"ना?" बाबा म्हणाले आणि त्यांनी गुडघ्यावर थाप मारली, बाजारात सौदा तुटला की मारायचे तशी. "ठीक आहे. माझ्या मुलीने ना म्हटलं, म्हणजे ना. संपला विषय." त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. आपली गप्प पोर आज स्पष्ट बोलली आणि आपण तिच्या पाठीशी उभे राहिलो, याचा तो आनंद होता. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

"मला वाटलंच होतं," आत्या म्हणाली. "इतक्या लांब कशी राहणार ती. थेट गाडी नाही."

"चहा तरी घेऊन जा हो, असं नका उठू," आई म्हणाली.

तिघं एकदम बोलायला लागले. पुटपुटचे ओठ हलत होते, पण ते बघायला आता कुणी नव्हतं. तरुणाने नुसती मान डोलावली आणि तो उठला. त्याच्या आईने पर्स काखेत घेतली. दाराशी जाऊन तो खाली वाकला आणि बूट घालायला लागला.

शालीच्या आत आजोबांचा हात माझ्यावर आला. मी सावरून बसले. आणि तो हात तसाच राहिला. फुंका, आता फुंका, असं माझं पितळ ओरडत होतं, पण पितळाचं कोण ऐकतं? ते तिच्याकडे बघत होते.

पुटपुट त्यांच्याकडे वळली. "आजोबा," ती म्हणाली, "वाजवा ना."

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा मागितलं. त्यांनी मला ओठांत घेतलं, डोळे मिटले आणि छातीत होतं नव्हतं ते सगळं माझ्यात सोडलं. गोळी जराशी हलली. अर्धी फिरली आणि थांबली. माझ्या तोंडून नुसती हवा गेली, फुस्स करून, सायकलच्या चाकातून जाते तशी.

"अप्पा, नका, दम लागेल," आई म्हणाली. बाबा अर्धवट उठले. आत्याने तोंडावर हात ठेवला. तिघंही श्वास रोखून त्यांच्या छातीकडे बघत राहिले, ती वर येते की नाही ते. ती आली.

आणि घरात शांतता पसरली. एवढी शांतता मी वाजूनही कधी आणली नव्हती.

आजोबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त हात लांब केला, चेंडू कुणाचा ते मैदानावर दाखवतात तसा, पुटपुटकडे.

"मला ना," ती म्हणाली, आणि श्वास घेतला. तो श्वास चांगला लांब होता. मधे कुणी आलं नाही. "हा हवा आहे. मला याच्याबरोबर जायचंय. आणि बाबा, मी ना म्हटलंच नव्हतं. मी फक्त सुरुवात केली होती."

दाराशी एका पायात बूट घातलेला तो तरुण उभा होता. त्याने तो काढून ठेवला.

बाबा खाली बसले. बराच वेळ ते आपल्या हाताकडे बघत राहिले, ज्याने थाप मारली होती त्या. मग म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचं, बाळा?"

यावर आत्याच पहिल्यांदा हसली. तरुणाची आई हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे 'ना' म्हणजे श्वास घ्यायची जागा असते हो. आम्ही थांबतो तिथे." आणि ती परत बसली, चहासाठी.

लग्न झालं आणि पुटपुट त्या गावाला गेली. निघताना तिने मला मागितलं.

"शिट्टी मला द्या ना, आजोबा."

"ती पंचाची असते," आजोबा म्हणाले. "खेळाडूला कशाला?" आणि मग, "चल, गाडी सुटेल." तिने त्यांच्या शालीत तोंड खुपसलं. माझी कड तिच्या गालाला टोचली असणार. ती हलली नाही.

आता मी अजून त्यांच्या गळ्यात असते, पण नावापुरती. पोटातली गोळी दमट होऊन एका बाजूला चिकटली आहे. रोज सकाळी ते मला फडक्याने पुसतात आणि हलकी फुंकर घालून बघतात. मला काही जमत नाही, त्यांनाही नाही, आणि दोघांचीही त्याबद्दल तक्रार नाही.

सुट्टीच्या दिवशी फोन येतो. बाबा तो स्पीकरवर लावून टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि तिघं एकदम बोलायला लागतात. गेल्या वेळी आई विचारत होती जेवतेस ना नीट, आत्या नव्या बसचं सांगत होती आणि बाबा फोन दुसऱ्या गावाहून आहे म्हणून त्या गावापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलत होते. पुटपुट थोडा वेळ थांबली. मग तिच्या नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "एक मिनिट. आता मी सांगते."

आणि हे तिघं गप्प झाले. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

मग ती कितीतरी वेळ बोलली. तिकडे म्हणे सगळे तिचं संपेपर्यंत थांबतात, त्यामुळे आपण कुठे संपवायचं हेच तिला कळत नाही. परवा ती बोलतच राहिली आणि सासूबाई ऐकता ऐकता खुर्चीत झोपून गेल्या. नवरा ओठ बघत जागा होता. आई हसली, आत्या हसली, पण मधे कुणी आलं नाही.

शेवटी तिने विचारलं, "आजोबा आहेत ना तिथे? तुम्ही काय म्हणताय, आजोबा?"

सगळे त्यांच्याकडे वळले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना चेंडू दिला. त्यांच्याकडे तो कुणी कधी टाकला नव्हता. त्यांनी मला मुठीत धरलं. मग हळूच सोडलं.

"घर फार शांत झालंय गं," ते म्हणाले. "तू गेल्यापासून."

लिलाव पुकारणारा, बालवाडीची बाई आणि तिकीटखिडकी, तिघंही तिथेच बसलेले होते. कुणी हूं की चूं केलं नाही. फोनच्या पलीकडूनही काही आलं नाही, फक्त कुणीतरी श्वास घेतल्यासारखं ऐकू आलं, आणि सगळे थांबून राहिले.

माझं एवढंच सांगणं होतं. तुमच्या टेबलाशीही कुणीतरी अर्धं तोंड उघडून बसलेलं असेल. तिकडे एकदा बघा, माझ्यासारखीवर वाजायची वेळ येण्याआधी. आता मी थांबते. बोला तुम्ही.